गैरहजर मुलांचे नकाशे

माझ्या आईला सगळं कराड 'भूगोलाच्या बाई' म्हणायचं, आणि त्यांच्याच शाळेत शिकल्यामुळे आम्ही भावंडंही घरात 'बाई'च म्हणायचो. कुठल्याही नव्या गावी गेल्या की बाई आधी नदी कुठून येते ते विचारायच्या, मग बाथरूम कुठे ते.

वर्गात त्यांचा एक रिवाज होता. जे मूल गैरहजर असेल त्याच्यासाठी फळ्यावरचा नकाशा त्या स्वतः कागदावर काढून ठेवायच्या, रंग भरून. "हजर असलेल्यांना डोळे आहेत," म्हणायच्या, "काळजी न आलेल्याची." तो नकाशा मिळावा म्हणून सहावीत मी पोटदुखीचं सोंग केलं. बाईंनी ओवा चारला आणि हाताला धरून शाळेत नेलं. त्याच आठवड्यात दादाला कांजिण्या आल्या आणि त्याला कृष्णा-कोयनेचा अख्खा संगम मिळाला. ते मी अजून विसरलेले नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत बाई दादाकडे सहा महिने राहून माझ्याकडे डब्लिनजवळ, ल्यूकनला आल्या आणि लॉकडाउनमध्ये अडकल्या. दादाचं गाव डुब्यूक, अमेरिकेत, मिसिसिपीच्या काठी. गाव लहानसंच, पण बाईंच्या तोंडून ऐकावं! "शिशाच्या खाणींवर वसलं गं ते. मागे चुनखडीचे कडे, पुढे नदी, पलीकडे दोन राज्यं. आणि पूर आला की गाव नदीकडच्या भिंतीची चक्क दारं लावून घेतं!" सकाळच्या चहाला डुब्यूक, रात्रीच्या भाताला डुब्यूक. त्यात माझी सात वर्षांची इरा, "आजी, टेल मी द डोअर्स वन अगेन!" की पुन्हा सुरू. शेवटी बाईंनी इराचे रंग घेऊन डुब्यूकचा नकाशा काढला आणि माझ्याच फ्रिजवर लावला. दूध काढताना रोज मला दादाचं घर दिसायचं, लाल ठिपक्यासकट.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. तेव्हा घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती. तेवढ्यात मी त्यांना लिफी नदी दाखवली, बंधारा दाखवला, दगडी पूल दाखवला. बाई "छान आहे" म्हणायच्या, आणि लगेच, "डुब्यूकला ना..." एकदा बंधाऱ्यापाशी मी फटकन म्हणाले, "मग तिथेच राहायचं होतं!"

बाईंनी माझा मफलर नीट केला. "अगं, तू तर समोर आहेस," म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. रागच आला.

हिवाळ्यात विमान मिळालं तशा बाई कराडला परतल्या. जाताना फ्रिजवरचा नकाशा घेऊन गेल्या. मी म्हटलं, बरं झालं. महिन्याभराने दादाचा फोन आला. "बाईंना सांग, तुझ्या ल्यूकनचं पुराण पुरे! रोज तो बंधारा, रोज तो पूल. तुझ्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा पाठ झाल्यात मला." तो इतका चिडला होता की मी आनंदाने दुसऱ्यांदा चहा टाकला.

२०२१च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. चार दिवसांचा ताप. दादाला जाता आलं नाही, मला जाता आलं नाही. शेजारच्या सुमनकाकूंनी शेवटपर्यंत सगळं केलं. नंतर त्यांनी बाईंच्या खाटेसमोरच्या भिंतीचा फोटो पाठवला. डुब्यूक आणि ल्यूकन, शेजारी शेजारी, रंग भरलेले. दादाचा नकाशा थोडा मोठा आहे. मी बोटाने मोजला.

पण दादाचा हेवा आता वाटत नाही. सुमनकाकूंचा वाटतो. त्यांच्यासाठी बाईंनी कधी नकाशा काढला नाही. त्या हजर होत्या.