नळाला सांगितलेलं स्वप्न

आमच्या घरात वाईट स्वप्न पडलं की ते नळाला सांगायचं. सकाळी उठल्या उठल्या, कोणाशी एक शब्द न बोलता बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा आणि वाहत्या पाण्याला सगळं सांगून मोकळं व्हायचं. एकदा सांगून झालं की ते स्वप्न पुन्हा तोंडातून काढायचं नाही. आतला माणूस सांगत असताना बाकीच्यांनी दाराजवळ थांबायचं नाही. हा माझ्या सासूबाईंचा नियम. त्या गेल्या, मुलुंडची आमची जुनी बिल्डिंग पाडून त्याच जागी टॉवर झाला, आम्ही पहिल्या मजल्यावरून बाराव्यावर गेलो, पण नियम आमच्याबरोबर वर आला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. पाण्याला कान नसतात हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी वाईट स्वप्न पडलं की मीही गुपचूप जाऊन नळ सोडते.

माझी स्वप्नं अगदीच पांचट. पेपर तपासायचे राहिलेत, मुलांनी वर्ग डोक्यावर घेतलाय आणि मी अनवाणीच शाळेत आलेय. यांची मात्र हाणामारीची असावीत. असावीत म्हणते, कारण हे नियमाचे पक्के. नळाला सांगितलेलं बायकोला कधी सांगितलं नाही.

दीडेक वर्षापूर्वी हे झोपेत ओरडायला लागले. मग हात चालवायला लागले. आम्ही ते थट्टेवारी नेलं. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी ‘जाऊ दे’ म्हणणारा हा माणूस! सकाळी चहा देताना मी विचारायची, “काल कोणाला लोळवलंत?” हे ओशाळून हसायचे. मुलगी बोरिवलीहून फोनवर म्हणायची, “आई, तू हेल्मेट घालून झोप ना.” मग एकदा त्यांचा ठोसा माझ्या खांद्यावर बसला. सकाळी काळानिळा खांदा पाहून हे इतके खचले की त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले. माझी थट्टाही तिथेच संपली.

आम्ही घाटकोपरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगी, चटचट बोलणारी.

“काकू, स्वप्नं पडतात ना, त्या झोपेत मेंदू जवळजवळ जागा असतो,” ती म्हणाली. “पळ म्हणतो, मार म्हणतो. पण तेव्हा शरीराला कुलूप असतं. म्हणून आपण स्वप्नात कितीही धावलो तरी पलंगावरच असतो. काकांचं ते कुलूप सैल झालंय.”

“मग घट्ट करा की.”

ती हसली. गोळी लिहून दिली, दिवाणाजवळचं टेबल हलवायला सांगितलं. मग जरा हळू आवाजात म्हणाली, “अशा काही लोकांना पुढे कंपवात होतो. बऱ्याच वर्षांनीसुद्धा. काकांना होईलच असं मी म्हणत नाही. लक्ष ठेवायचं.” तिने यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली. “स्वप्नात काय दिसतं काका?”

नळाला सांगितलेलं हे डॉक्टरला तरी कसं सांगणार? मी कोपराने ढोसलं तरी नाहीच.

“वास येतात ना नीट? कधीकधी आधी वासच जातो.”

“येतात की,” हे लगेच म्हणाले.

लक्ष ठेवायचं म्हणजे वाट बघायची, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी नवऱ्यावर पाळत ठेवायला लागले. कप बशीवर वाजला की माझा जीव खालीवर. सही जरा बारीक आली की मी जुना चेक काढून शेजारी धरायची. चालताना डावा हात हलतो का, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का. मोबाइलवर वाचू नकोस असं मुलीने बजावलं होतं, म्हणून मी तिला न सांगता वाचायची.

एका गोष्टीचा मात्र मला आधार होता. यांच्या नाकाचा आमच्याकडे दरारा होता. लिफ्टमधून बाहेर पडतानाच कोणाकडे काय शिजतंय ते हे सांगायचे. तेव्हा मी परीक्षा सुरू केली. रोज सकाळी मी स्वयंपाकाला लागले की हे दारात येऊन उभे राहायचे आणि मी म्हणायची, “डोळे मिटा. कसला वास येतोय?”

“जिऱ्याची फोडणी.” बरोबर.

“आज बोंबील.” बरोबर.

“साबुदाण्याची खिचडी.” बरोबर.

एकदाही चुकले नाहीत. तेवढा वेळ तरी मला सुटल्यासारखं वाटायचं.

परवा सकाळी हे उठले ते न बोलता थेट बाथरूममध्ये गेले. नळ सुटला. मला कळलं, रात्री वाईट स्वप्न पडलंय. मी कपड्यांची बादली घेऊन दारापाशीच होते. नियमाप्रमाणे तिथून निघायला हवं होतं. पण डॉक्टरला जे हवं होतं ते दाराच्या पलीकडे होतं. मी हलले नाही.

“ते परत आले,” हे सांगत होते. “तेच दोघं. तिला ओढत होते. मी मारतोय, मारतोय, पण त्यांना लागतच नाही.”

माझा हात आपोआप खांद्यावर गेला. तो ठोसा माझ्यासाठी होता आणि बसलाही मलाच. मला रडू यायला लागलं. बादली उचलून जावं म्हणून मी वाकले, तेवढ्यात ते पुन्हा बोलायला लागले.

“आणि वास येत नाहीत. बरेच महिने झाले. ती विचारते, मी फोडणीचा आवाज ऐकून सांगतो. वार बघून सांगतो. तिला कळू नये, बस.”

नळ बंद झाला. मी बादली तशीच टाकून स्वयंपाकघरात पळाले.

बुधवारी बोंबील. गुरुवारी उपवास, म्हणजे खिचडी. प्रयोग करताना बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. आणि घरात आंधळ्यासारखी परीक्षा घेत बसले, कारण मला बरोबर उत्तरच हवं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

हे आले. दारात उभे राहिले आणि मी न सांगताच डोळे मिटले. रोज मला त्यांचं नाक दिसायचं. आज दिसलं की मान किंचित कढईकडे वळलीय, कान पुढे झालाय, आणि कपाळाला आठ्या पडल्यात. इतके कष्ट घेत होता हा माणूस, रोज, मला निर्धास्त ठेवायला.

पुढच्या खेपेला डॉक्टरला सांगावं लागणारच. सांगेन. यांच्याशी कसं बोलायचं तेही ठरवेन. पण आत्ता हे दारात डोळे मिटून उभे होते.

मी तेल चांगलं कडक तापू दिलं. एक चमचा लागते तिथे ओंजळभर मोहरी घेतली आणि कढईत सोडली. असा तडतडाट झाला की दाणे ओट्यावर उडाले.

“कसला वास येतोय?” मी विचारलं.

“मोहरी,” हे खुशीत म्हणाले.

“बरोबर,” मी म्हटलं.