दहाकमी

रक्तपेढीच्या नियंत्रण कक्षात त्याला सगळे ‘दहाकमी’ म्हणत. म्हणणारच की! डॉक्टरांनी फोनवर चाळीस मिनिटांत रक्त हवं म्हटलं, की हा पठ्ठ्या यंत्रात तीस भरायचा. यंत्राचा नियम सरळ होता: ज्याची वेळ आधी संपणार त्याला ड्रोन, उरलेल्यांना रस्त्याने जाणारी बिनचालकाची गाडी. ड्रोन होते चारच. जिवासाठी एवढं खोटं चालतं, असं तो म्हणायचा. त्याचं बघून शेजारच्या टेबलांनीही तोच धडा गिरवला. साहेब ओरडले की सगळे माना डोलवायचे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एका दुपारी भावोजींचा फोन आला. लांबच्या छोट्या दवाखान्यात ताईचं ऑपरेशन चाललं होतं आणि रक्तस्राव थांबत नव्हता. आई गेल्यावर याला तिनेच वाढवलेलं, अगदी याचं लग्न लावून देईपर्यंत.

“डॉक्टर म्हणतात, चाळीस मिनिटं आहेत,” भावोजी म्हणाले.

याची बोटं तीसवर गेली आणि थबकली. सख्खी बहीण. उद्या कुणी म्हणेल, घरचं माणूस म्हणून वेळ चोरली. जन्मभर परक्यांसाठी खोटं बोललेल्या माणसाला नेमका तेव्हाच खरेपणाचा पुळका यावा, काय म्हणावं याला! त्याने चाळीस भरले.

त्याच मिनिटाला शेजारच्या टेबलांवरून चार कामं पडली. चारही ठिकाणी पंचेचाळीस मिनिटांची सवड होती. भरले होते पस्तीस. चारही ड्रोन तिकडे उडाले. उडालेला ड्रोन परत बोलावता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ताईचं रक्त गाडीने निघालं. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. पडद्यावर गाडीचा ठिपका हलेना आणि हा खुर्चीत तडफडत राहिला. गाडी नऊ मिनिटं उशिरा पोहोचली, तोवर सगळं संपलं होतं.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर भावोजी एकटेच बसले होते.

“जावई मोटारसायकलवरून रक्त आणायला निघाला होता,” ते म्हणाले. “मीच अडवलं. म्हटलं, तू आहेस तिथे, काळजी कसली? चुकलं रे माझं.”

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण त्या म्हाताऱ्याने हे ओझं उरावर घेऊन मरावं, हे त्याला सोसवेना. त्याने भावोजींचा हात घट्ट धरला.

“तुमचं नाही, माझं चुकलं,” तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

भावोजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच आपला हात सोडवून घेतला.