काकीची साधी गोळी

माझ्या काकीला सगळे हावरट म्हणायचे.

मीही म्हणायचे.

आज तिचं वर्षश्राद्ध. पान वाढताना काका म्हणाले, "एवढ्यात भागंल काय तिचं?" आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले. ती असती तर तीही हसली असती, सगळ्यात मोठ्याने.

सोमवारपासून लिहायचं होतं. आत काहीच हलत नाहीये. तरी लिहिते.

काकी नाक्यावरच्या बाजारात म्हावरं, म्हणजे मासे, विकायची. दुपारी टोपली रिकामी करून घरी यायची तेव्हा घरात कोणी नसायचं. दार लोटून ओट्याशी उभी राहायची आणि खायची. भाताचा अख्खा टोप, सुकट, चपात्या, फरसाणाचा पुडा, जे असेल ते. भूक नसायची. पोट दुखायला लागलं तरी हात थांबायचा नाही.

मग टोप घासून परत भात लावायची. कोणाला कळू नये म्हणून.

कळायचं सगळ्यांना. तांदूळ संपायचे ना.

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. शुगर दाखवायला माजिवड्याच्या पुढच्या एका हॉस्पिटलात गेलेलो, तिथे डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्यांनी बराच वेळ तिच्या दुपारबद्दलच विचारलं. मग म्हणाल्या, याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात.

काकीने माझ्याकडे बघितलं. "याला नाव हाय?"

रिक्षाने परत आलो. कोळीवाड्यात उतरताना म्हणाली, "म्हंजे मी एकटीच नाय."

तिथे या आजारावरच्या एका औषधाची क्लिनिकल ट्रायल चालू होती. मी बीएस्सी, घरातली पहिली ग्रॅज्युएट. फॉर्मची सगळी पानं मी तिला शाळेतल्या बाईंसारखी समजावून सांगितली. बारा आठवडे गोळ्या. दर आठवड्याला व्हिजिट. रोज डायरी. काहींना औषधाची गोळी मिळणार, काहींना अगदी तशीच दिसणारी साधी गोळी, जिच्यात औषध नाही. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. सगळी स्टडी संपली की कळतं.

तिने एकच विचारलं. गुण आला तर तो गोळीने आला का, हे तिला समजणार का?

मी म्हटलं, तुला काय फरक पडतो?

"गोलीनं आला तर आजार होता. नायतर मंग तुमी बोलता तेच खरं."

मी म्हटलं, मी विचारून सांगेन. नक्की.

ती चौथी शिकलेली, म्हणून डायरी मी लिहायचे. रोज संध्याकाळी. किती खाल्लं विचारलं की बाजारातल्या हिशोबात सांगायची, दोन वाटे सुकट. ट्रायलचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमना ग्रॅममध्ये हवं असायचं. शेवटी एकदा तिने ताटलीत सुकटीचा वाटा लावला, बाजारात लावते तसाच ढीग, आणि आम्ही तो वजनकाट्यावर ठेवला. खूप हसलो.

डायरीत एक रकाना होता, बसून खाल्लं की उभ्याने. तो आला की ती उठून भांडी घासायला घ्यायची.

नवव्या आठवड्यात नारळी पौर्णिमा आली. तोवर सलग अकरा दुपारी नीट गेल्या होत्या. त्या दिवशी सगळे मिरवणुकीबरोबर खाडीवर गेले आणि तिने करंज्यांचा आख्खा डबा संपवला. उभ्याने. संध्याकाळी मला तसं सांगितलं.

मी लिहिलं नाही.

एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं. तिचा चार्ट खराब होऊ नये, असं वाटलं. खरंच वाटलं की मी तिला मदत करतेय.

व्हिजिटला मॅडमनी आठवडा वाचून दाखवला. काकी म्हणाली, पुनवेचं ऱ्हायलं. आणि सगळं सांगितलं, करंज्यांच्या आकड्यासकट. मी खाली बघत बसले.

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शिलं म्हावरं ताजं म्हनून मी कदी इकलं नाय. हितं इकू?"

शेवटच्या तीन आठवड्यांत तसं एकदाच झालं. ट्रायल संपली, गोळ्या थांबल्या, तरी ती दुपारी ताट वाढून घेऊन जमिनीवर बसायची. मला सुट्टी असली की माझ्यासाठी थांबायची.

गोळ्या बंद होऊन सात महिने झाले तेव्हा डेंग्यू झाला. चार दिवसांत गेली.

या सोमवारी कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला. मी कल्याणला लॅबमध्ये होते. स्टडी संपली होती.

साधी गोळी होती.

मी थँक्यू म्हटलं. राहिलेले रिपोर्ट पूर्ण केले. घरी येऊन काकांना सांगितलं.

काका म्हणाले, "म्हंजे तिला काय नव्हतंच."

मग मी ठरवलं, फोटोसमोर खोटं सांगायचं. काकी, औषधच होतं. कोण तपासणार आहे?

आज हसणं थांबल्यावर तेच सांगायला तोंड उघडलं. आणि तिचं शिळं म्हावरं आठवलं.

म्हणून खरं सांगितलं. पानाजवळ, सगळ्यांसमोर. इथेही सांगते.

काकी, गोळी साधी होती.

आणि आजार होता. मी मॅडमना परत फोन करून दोनदा विचारलं. साध्या गोळीवरही माणसं सुधारतात, म्हणाल्या. कोणी दर आठवड्याला न हसता विचारतं, ऐकून घेतं, त्यानेही फरक पडतो. म्हणून आजार खोटा ठरत नाही. आणि साध्या गोळीवाल्यांनी खरं सांगितलं नाही, तर औषध चालतं की नाही हे कधीच कळत नाही.

तुझी पुनव त्यात मोजलेली आहे.

 काका उठले आणि पानावर अजून एक मूठ भात वाढला. या वेळी कोणी हसलं नाही.

हे मी तू असताना म्हणायला हवं होतं. तू हावरट नव्हतीस.

येते काकी.

बसून जेव.