वहिनी, जरा आत बघता का

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी कळंब्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. चहा ठेवायला म्हणून उठली, कट्ट्याला टेकून खाली बसली, ती बसलीच, एवढंच दादा बोलला. मी "आलोच" म्हणालो, नळ बंद केला. नळ बंद करता करता माझ्या मनात जे आलं ते आज दोन महिन्यांनी इथं लिहून टाकतो, कारण ते लिहिल्याशिवाय वहिनींबद्दल दुसरं काही लिहायचा मला हक्क नाही. माझ्या मनात आलं, सुटलो... आता सईचं बाळंतपण नीट होईल.

सई माझी मुलगी. तिला तेव्हा आठवा महिना लागत होता. आणि वहिनी म्हणजे जिनं या सईला लहानपणी न्हाऊमाखू घातलं, तिच्या तापात रात्री उशाशी बसून काढल्या, ती तिची मोठी आई. अशा बाईच्या मरणाची बातमी ऐकून मला आधी हायसं वाटलं. रडू आलं ते नंतर, बावड्याला दादाच्या घरी पोचल्यावर.

हे समजायला चाळीस वर्षं मागं जावं लागेल. कसबा बावड्यात आमचं शेत, दारात चार म्हशी. मी कॉलेजात होतो तेव्हा दादाचं लग्न झालं आणि वहिनी आजऱ्याकडच्या एका खेड्यातून आमच्या घरी आल्या. लग्नानंतर नवव्या दिवशी वडील ऊस घेऊन कारखान्यावर निघाले. नव्या सुनेनं दारात येऊन त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी प्यायले, दीर्घायुषी हो वगैरे म्हणाले आणि गेले. कारखान्याच्या रांगेत त्यांच्या छातीत कळ आली आणि तिथंच सगळं आटोपलं. दिवसकार्याला जमलेल्या बायकांत कुणीतरी विचारलं की निघताना त्यांनी कुणाचं तोंड बघितलं होतं. आईनं नुसतं आतल्या खोलीकडं बघितलं. तेवढ्यावर वहिनींचा निकाल लागला. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नाही, त्याची गरजच पडली नाही.

तेव्हापासून घरात एक पद्धत पडली. कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की आई पुढच्या सोप्यातून, म्हणजे ओसरीवरून, दोनदा खोकायची. तो खोकला ऐकला की वहिनी हातातलं काम टाकून मागं गोठ्यात जायच्या आणि माणूस गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तिथंच थांबायच्या. माझी परीक्षा, दादाची कोर्टाची तारीख, म्हैस बाजाराला न्यायची असली तरी. दादा-वहिनींचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं आणि पुन्हा दिवस राहिले नाहीत, तेव्हा ते दुःखही वहिनींच्याच पायांवर घातलं गेलं. मी शिकलेला, चार पुस्तकं वाचलेला. मित्रांत बसून या असल्या गोष्टींना नावं ठेवायचो. पण निघताना आईचा खोकला ऐकू आला नाही तर उंबऱ्यात चप्पल शोधत रेंगाळायचो, हेही खरं आहे. कधी कधी वाटतं, आईपेक्षा माझा गुन्हा मोठा. तिचा विश्वास तरी होता.

पुढं आई वारली. तोवर माझं लग्न झालं होतं, सई तीन वर्षांची होती, आणि माझी बदली आजऱ्याला झाली होती. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचं आणि शनिवारी परतायचं. अशी दोन वर्षं गेली. एका सोमवारी आजऱ्याच्या अलीकडच्या वळणावर आमची एसटी रस्ता सोडून चरीत उतरली. जीवावरचं हातावर निभावलं. म्हणजे माझा उजवा हात दोन जागी मोडला. प्लास्टर घालून मी बावड्याला सोप्यात पडून होतो, तेव्हा एका दुपारी वहिनी शेंगा फोडत माझ्यासमोर येऊन बसल्या. मग मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही निघालासा तवा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं तुमास्नी बघत हुते."

मला आधी कळलंच नाही त्या काय सांगताहेत. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या ध्यानात आलं की आता खोकणारं कुणी नाही, तरी दादा निघाला की आपण गोठ्यात जाऊन उभ्या राहतोय. "आई होत्या तवर त्या पाठवत्यात म्हणून जात हुते. आता कोण पाठवतंय? मीच की. तवा मात्र मला भ्या वाटलं," त्या म्हणाल्या. त्या रात्रभर म्हणे विचार करत राहिल्या, की हा विचार आपला स्वतःचा आहे की कुणी आपल्या डोक्यात आणून ठेवलेला. आणि मग त्यांनी जे केलं ते करायची छाती माझ्यासारख्या दहाजणांना झाली नसती. त्यांनी पारखून बघायचं ठरवलं. दर सोमवारी मी निघालो की खिडकीच्या फटीतून त्या मला गल्लीच्या टोकापर्यंत बघायच्या, आणि शनिवारी मी दारात दिसेपर्यंत दाराकडं कान लावून कामं करायच्या. दोन वर्षं. मी विचारलं, दादाला सोडून मीच का? त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. "खरं सांगू का, तुमच्यावर जीव जरा कमी हुता."

मीही हसलो. पण मग विचारावंच लागलं, की आता हात मोडला, त्याचं काय? वहिनींनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. तो अपघात झाल्यावर दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नव्हतं, हे मला माझ्या बायकोनं नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन दिस मला वाटलं, झालं, खरंच हाय हे. मग ध्यानात आलं, गाडीत चाळीस माणसं हुती. बाकीच्यांस्नी कुणी बघितलं हुतं?"

त्या दिवसानंतर वहिनी गोठ्यात गेल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात दादा कोर्टाला निघाला तेव्हा त्या उघड दारात येऊन उभ्या राहिल्या. दादा क्षणभर थबकला, मग "येतो" म्हणून गेला. शेजारच्या बायकांनी काही दिवस कुजबुज केली. कुणाची म्हैस आटली, कुणाचं लग्न मोडलं, की नजरा आमच्या सोप्याकडं वळायच्या. वहिनी तिथंच बसून असायच्या. भीती गेली का, असं मी एकदा विचारलं होतं. "न्हाय की. येतीया रोज. आली की मी तिला इचारते, तू कुणाची गं?" असं त्यांचं उत्तर होतं. मला हे फार आवडलं होतं. ऑफिसात, मित्रांत कितीदा तरी मी हे सांगितलं आणि सांगताना आमच्या वहिनींचा अभिमान मिरवला.

आणि एवढं सगळं माहीत असणाऱ्या मी काय केलं ते आता सांगतो. सईचं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. यावेळी सातव्यात तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी तातडीनं तपासणीला बोलावलं. त्या सकाळी वहिनी तिला बघायला बावड्याहून आल्या होत्या, डब्यात तिच्यासाठी आंबील घेऊन. आम्ही निघालो. बायको फाईल घेऊन गाडीत बसली होती, सई एकेक पाय टाकत दाराकडं येत होती, आणि वहिनी नेमक्या दारात उभ्या होत्या, तिच्याकडं बघत. सातवा महिना, हे दोन शब्द कुठून तरी वर आले. वहिनींचं बाळ गेलं तोही सातवाच होता... तोंडातून शब्द निघून गेले. मी म्हणालो, "वहिनी, जरा आत बघता का, गॅस बंद केलाय का."

गॅस बंद होता. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, कारण आंबील त्यांनीच गरम केली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बघते की, भाऊजी," म्हणाल्या आणि आत गेल्या. गाडी वळवताना मी आरशात बघितलं, दार रिकामं होतं. तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. आणि माझ्या डोक्यानं लगेच जोडून दिलं, की आत पाठवलं म्हणूनच चांगला आला. वीस दिवसांनी वहिनी गेल्या. त्या वीस दिवसांत बावडा काही लांब नव्हतं, पण मी गेलो नाही. माफी मागायची तर केलेलं कबूल करावं लागलं असतं.

तेराव्यानंतर न राहवून मी हे सईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तिनं दादाकडून वहिनींचा एक फोटो मागवून घेतला. तिच्याच लग्नातला, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून बारीक डोळे करून हसतानाचा. आणि मला म्हणाली, "बाबा, हा मुख्य दारावर लावा, आतल्या बाजूनं. दवाखान्यात निघताना मोठी आई मला समोर दिसली पाहिजे." आमच्याकडं तिथं गणपती असतो. मी म्हटलं, गेलेल्या माणसाचा फोटो दारावर लावत नाहीत. ती म्हणाली, "हे कुणी सांगितलं?" खिळा मीच ठोकला.

आता घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला वहिनी समोरून बघतात. मी रोज सकाळी दूध आणायला निघताना मुद्दाम मान वर करून त्यांच्याकडं बघतो आणि मग जातो. भीती येतेच. मी तिला विचारतो, तू कुणाची, पण माझ्याकडून ते वहिनींसारखं होत नाही, माझं विचारणं अर्धंच राहतं. आजवर मला काही झालेलं नाही. पण मी म्हणजे सई नव्हे.

तिची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. काल संध्याकाळपासून तिचे पाय सुजलेत आणि डॉक्टर म्हणालेत, कधीही निघायची तयारी ठेवा. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. आज दुपारी ती झोपली असताना मी स्टूल घेऊन फोटोखाली उभा होतो... बराच वेळ. फोटो मी अजून उतरवलेला नाही.