दहा व्होल्ट ढळू लागले तेव्हा

अंबरनाथ पूर्वेला आमची मीटर तपासायची लहानशी लॅब आहे. मालक उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना साहेब म्हणते, ते मला बेटा. कारखान्यांची मीटरं आम्ही ज्या डब्याशी ताडून बघतो, तो साहेबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला. त्यातून सतत दहा व्होल्ट निघतात. निघायलाच हवेत, तोच ढळला तर आम्ही दिलेल्या दाखल्यांना काही अर्थ उरत नाही.

यंदा श्रावणात तो ढळायला लागला. दशांशानंतरचे शेवटचे आकडे सकाळी एक, दुपारी दुसरेच. ऊन पडलं की ताळ्यावर, सर आली की पुन्हा खाली. हेंद्रेपाड्यात घरी जेवतानाही माझ्या डोळ्यांपुढे ते आकडे हलायचे. नवरा म्हणाला, "अगं, भाजीत मीठ दोनदा पडलंय." मी हूं म्हटलं आणि पुन्हा डब्याचाच विचार करू लागले.

वायरी बदलल्या, टर्मिनल पुसले, आतला बोर्ड स्पिरिटने धुतला. धुतल्यावर थोडे दिवस बरं, मग आणखी वाईट. मळ निघत नव्हता, पसरत होता. दमट हवेत असा मळ पाणी धरतो आणि त्यातून नको तिथे करंट झिरपतो, एवढं ठाऊक होतं. पण कुठे? साहेबांना विचारलं की म्हणायचे, "बोर्डाला काय नाय झालं. तू मीटर बघ." त्यांचं ते घाईनं विषय तोडणं मला खटकायचं.

शेवटी एक स्ट्रॉ घेतली. तिच्यातून बोर्डाच्या एकेका जागेवर हळूच श्वास सोडायचा आणि मीटरकडे बघायचं. इथे काही नाही. तिथेही नाही. मग एका रेझिस्टरपाशी श्वास पोचला आणि आकडे धडाधड उतरले. भिंगाखाली पाहिलं. तिथला सोल्डरचा जोड नवा होता, ओबडधोबड, भोवती सोल्डर करताना लावतात त्या फ्लक्सचा पिवळट चिकटा. साहेबांचे जोड मी वर्षानुवर्षं पाहिलेत. हा त्यांचा असणं शक्यच नव्हतं.

"याला हात कोणी लावला?" माझा आवाज चढला.

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "मेरा ही काम है, बेटा. उन्हाळ्यात बदलला. हात आता थरथरतो ना."

मी विचारलं, "दुसरा रेझिस्टर आहे का?"

त्यांनी खणातून काढून दिला. मी जुना उतरवला, खालची जागा आधी स्पिरिटने घासली, मग स्पिरिटला न जुमानणारे क्षार जावेत म्हणून डिस्टिल्ड वॉटरने, आणि बोर्ड मंद आचेवर ओव्हनमध्ये सुकवला. नवा जोड देताना दिवा साहेबांनी धरला. उजेड हलत होता, तशी मी मान कलवत राहिले. नंतर पाऊस कोसळत असतानाही दहा व्होल्ट जागचे हलले नाहीत.

पण उन्हाळ्यापासून दाखले दिलेली मीटरं परत मागवायला हवी होती. फोन मी करते म्हटलं, तर साहेबांनी हात आडवा धरला. प्रत्येकाला स्वतः सांगितलं, "गलती आमची आहे, मीटर पाठवा." एका कारखान्याचा मॅनेजर इतका ओरडला की टेबलापलीकडे मला ऐकू आलं. साहेब ऐकत राहिले, मग सावकाश पत्ता सांगितला.

मीटरं अजून येताहेत. हाताचं डॉक्टरांना दाखवा म्हणून मी रोज मागे लागते. "सोमवारी जातो," म्हणतात. सोमवारी माझ्याआधी लॅबमध्ये हजर असतात.