राग आला की मेंढी धरायची

मोबाईल भिंतीला आपटून थेट माझ्या परातीत पडला. भाकरीचं पीठ होतं म्हणून वाचला. पिठातूनच एका गड्याचा आवाज येत होता, "बास झालं आता. रविवारच्या मॅचला तू नको. आमी दुसरं कुणीतरी बघतो."

हे माझ्या नातीला चाललं होतं, मोबाईल तिनंच भिरकावला होता. ती पलूसला माझ्याकडे राहून कॉलेज करते आणि मोबाईलवर चौघांच्या संघानं लढायचा खेळ खेळते. बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, बाकीच्यांना मारायचं. शेवटी ज्या संघाचा एक जरी माणूस जिवंत, तो अख्खा संघ जिंकला. संघातल्या दोघी सांगलीच्या मैत्रिणी, चौथा हा गडी शिरवळला कंपनीत कामाला. नातीचा नेम लय भारी, पण तोंड गटार. शिरवळच्याचं जरा चुकलं की त्याचं सगळं खानदान बाहेर काढायची. असल्या शिव्या मी जनावरांच्या बाजारातही ऐकल्या नव्हत्या, आणि बाजार मी पुष्कळ हिंडले आहे.

मी मोबाईल पदराला पुसला आणि त्यातच बोलले, "आरं, मी हिची आज्जी. रविवारी हिला एकदा खेळव. शिवी दिली तर मोबाईल मीच चुलीत घालीन."

"आवं आज्जी, तुमी कुठनं आला मधीच?" मग तो हसला. "बरं. पण एक शिवी ऐकू आली, की ही कायमची बाहेर."

नात रडायला लागली. त्या संघाशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणाले, "रड मागनं. आधी तव्यावरची भाकरी उलट, करपतीया."

जेवताना तिला माहेरची गोष्ट सांगितली. आमच्या घरी मेंढरं. लोकर कातरताना मेंढी लाथ झाडते, कातर निसटते, माणूस तापतो. तापलेल्या हातानं कातरलं की मेंढीचं कातडं फाटतं. म्हणून माझ्या बापाचा दंडक होता. राग आला की कातर खाली ठेवायची, "मी मेंढी धरतो" म्हणायचं आणि दुसरा कातरत असेल त्याची मेंढी धरून बसायचं. का, म्हणून कुणी विचारायचं नाही. मेंढीच्या अंगात एवढा जोर असतो की धरणाऱ्याला तापायला वेळच राहत नाही.

"आज्जे, खेळात मेंढी कुठली आणू?"

"बंदूक सोडून काय करता येतं तिथं?"

"जखमी झालेल्याला पट्टी बांधायची. बंदुकीच्या गोळ्या द्यायच्या. शत्रू कुठं हाय ते सांगायचं."

"मग राग आला की तेवढंच करायचं."

तिनं संघाला सांगितलं. शिरवळचा मेंढीसारखा ओरडून म्हणाला, "म्हंजे मेंढी मी व्हय?" सांगलीच्या पोरी खिदळल्या, पण ठरलं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी नात किंचाळली, "मी मेंढी धरते, मुडद्या!"

"आज्जी, ही शिवी धरायची का वं?" शिरवळच्यानं मोबाईलमधनं विचारलं.

"न्हाई रं. मुडद्या मी माझ्या लेकालाबी म्हणते."

रविवारी दुपारी मी चष्मा लावून तिच्या खांद्याला खांदा लावून बसले. काय तो खेळ! दारातून कुणी हाक मारली, मी ओ दिली नाही. सांगलीच्या दोघी आधी मेल्या. मग बेटावरची खेळायची जागा आकसत आली आणि उरले फक्त चौघे. समोर दोघे, आमची नात आणि शिरवळचा. त्यानं धुराचा गोळा टाकला तो नेमका नातीच्याच पुढ्यात. तिला काही दिसेना. धूर विरायच्या आत तिला गोळी लागली.

गोळी लागली की त्या खेळात माणूस लगेच मरत नाही, थोडा वेळ रांगतो. नातीचं तोंड लालबुंद झालं. ओठ उघडले. गेलं सगळं, असं मला वाटलं.

"मी मेंढी धरते," ती म्हणाली.

आणि आडोसा सोडून ती रांगत उघड्यावर आली! त्या दोघांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या, तसे ते कुठून झाडतात ते दिसलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "तुझ्या डावीकडं. पाण्याच्या टाकीमागं. दोघंबी तिथंच हायती." एवढं बोलली आणि मेली.

आता तिच्या मोबाईलवर शिरवळच्याचा खेळ दिसत होता. त्याला शत्रूची पावलं ऐकायची होती, म्हणून तिघी पोरी गप्प. माझंच तोंड सुटत होतं, मी पदराचा बोळा तोंडात धरला. त्यानं टाकीला वळसा घातला. एक पडला. दुसरा वळला, त्याची गोळी शिरवळच्याला लागली, जीव उरला नखाएवढा. मग दुसराही पडला.

सांगलीच्या दोघी मेलेल्या होत्या. आमची पलूसची मेलेली होती. जिवंत राहिला तो शिरवळचा.