एक पनामाची, एक अमेरिकेचा आणि आमचा चौदावा मजला

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ऑफिसात मनापासून बोलणारी दोन-तीन माणसं असली की ते आपोआप साठतात, स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. एक ओढावी तर मागून चार बाहेर! आमच्या दिल्लीतल्या मराठी मित्रमंडळींत मी नुसतं "आमच्या ऑफिसात ना..." म्हटलं की लगेच फर्माईश येते, "हेमांगी, पनामावालीचं सांग यार!" दर वेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून आता एकदाच सगळं सांगून टाकते.

मी गुरुग्रामच्या एका जहाज कंपनीत ॲडमिन बघते. इथून कुठल्याही दिशेला गेलात तरी समुद्र लांबच, पण कुठला कंटेनर कुठल्या बंदरातून जाणार ते आमच्या चौदाव्या मजल्यावर ठरतं. बाहेरच्या देशांतून बदलीवर येणाऱ्यांना घर, गाडी, मुलांची शाळा, कामवाली हे सगळं बघून देणं माझं काम. दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी दोघं आले. कॉलिन हा अमेरिकन, गोरा, तासभर उन्हात उभा राहिला की टोमॅटो होणारा. आणि येसेनिया क्लार्क, पनामाची. पनामा म्हणजे दोन महासागर जोडणारा तो कालवा जिथे आहे तो देश. येसेनिया काळी आहे. "सावळी-बिवळी म्हणू नकोस, काळी म्हण, मला आवडतं," हे तिचंच म्हणणं. दोघांचं पद एकच आणि केबिनही शेजारीशेजारी. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं सोपं आहे.

*

एअरपोर्टवर आमचा ड्रायव्हर सतबीर दोन पाट्या घेऊन उभा होता. कॉलिन आला, गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या पाटीवर 'मिस क्लार्क'. येसेनिया आली आणि बरोबर पाटीसमोर उभी राहिली.

सतबीर म्हणाला, "मॅडम, थोडा साइड में हो जाओ. हमारी क्लार्क मॅडम आने वाली हैं."

हातवारे तिला कळले. ती बाजूला झाली आणि सतबीरबरोबर तीही दाराकडे बघत उभी राहिली! गर्दी ओसरली, ट्रॉल्या संपल्या, तेव्हा तिने हळूच पर्समधून पासपोर्ट काढून त्याच्यासमोर धरला. सतबीर आजही ते आठवलं की कान पकडतो.

मी तिला विचारलं, "अगं, आधीच का नाही सांगितलंस?"

"तो इतक्या खात्रीने वाट बघत होता ना," ती म्हणाली, "मलाही वाटलं, बघू या तरी कोण येते ती!"

*

दोघांसाठी फ्लॅट बघितले ते माझ्याच सोसायटीत. अहुजांचे दोन होते, एकावर एक. फोनवर अहुजा खूश. "कॉलिन साहब, क्लार्क मॅडम, दोनों फॉरेनर! बिल्कुल जी, बिल्कुल."

प्रत्यक्षात कॉलिनला त्यांनी फ्लॅट दाखवला, वर मायक्रोवेव्ह आणि बाल्कनीतला झोपाळा भेट दिला. येसेनियाला बघितल्यावर मात्र मला बाजूला घेतलं.

"मॅडमजी, आपने पहले बताया नहीं."

"क्या नहीं बताया?"

"नाम तो क्लार्क है!"

"तो? क्लार्क ही है."

"नहीं, मुझे कोई दिक्कत नहीं. मगर सोसायटीवाले ऐतराज करेंगे."

मी म्हटलं, "अहुजाजी, सोसायटी की कमिटी में मैं खुद बैठी हूँ. आपके सामने खड़ी हूँ. मैंने तो कुछ नहीं कहा!"

अहुजा हातातल्या किल्ल्यांशी चाळा करू लागले. मग मी सरळ सांगितलं की कंपनी दोन्ही फ्लॅट एकत्र घेईल, नाहीतर एकही घेणार नाही. हे मी खन्नासाहेबांना, म्हणजे आमच्या बॉसना, विचारलेलं नव्हतं, पण आवाजात कुठेही कमी पडले नाही. अहुजांनी दोन्ही किल्ल्या काढून दिल्या.

कॉलिनला मी हे सगळं सांगितलं. संध्याकाळी बघते तर सतबीर आणि तो मिळून झोपाळा वरच्या मजल्यावर, येसेनियाकडे चढवताहेत!

*

एका रविवारी दोघांना सरोजिनी नगरच्या बाजारात नेलं. कॉलिन कुठल्याही दुकानात शिरला की स्टूल पुढे यायचं, कोल्ड्रिंक यायचं. येसेनिया शिरली की एक माणूस तिच्या मागेमागे फिरायचा. मॉलमध्येही तेच. गार्ड कॉलिनला सलाम ठोकणार आणि हिची पर्स पार अस्तरापर्यंत उलटी करणार.

दोन-तीनदा असं झाल्यावर तिने आपली लाल पर्स काढली आणि कॉलिनच्या खांद्यावर अडकवली. सहा फुटी गोरा माणूस, खांद्यावर गोंडे लावलेली लाल पर्स! गार्डने पर्सकडे पाहिलंही नाही, सलाम करून आत सोडलं.

"छान!" येसेनिया म्हणाली. "कॉलिन, आजपासून तू माझा व्हिसा!"

तेव्हापासून मॉलमध्ये पर्स त्याच्याकडेच असते. त्याची बायको म्हणते, इतक्या प्रेमाने त्याने तिचीसुद्धा कधी धरली नव्हती.

*

त्याच दिवशी बाजारामागच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझ्या भावाकडे गेलो. आई तिथेच असते. आई कच्च्या केळ्यांचे काप करत होती. भावाची मुलगी दिल्लीतच वाढलेली, ती विचारते, "आत्या, काप मतलब?" मी सांगेपर्यंत येसेनिया ओट्यापाशी पोचलीसुद्धा! तिच्याकडेही कच्ची केळी तळतात, पण एकदा तळून, वाटीने चेपून, परत तळतात. आईच्या हातातला झारा घेतला, एक वाटी उचलली आणि तिने धपाधप सुरुवात केली. आई मराठीत सूचना देतेय, ही स्पॅनिशमध्ये उत्तरं देतेय, आणि दोघींचं व्यवस्थित चाललंय!

खायला बसलो. कॉलिनला काचेची नक्षीदार प्लेट, येसेनियाला स्टीलची ताटली. तिने ते बरोबर टिपलं. मला म्हणाली, "आईंना विचार ना, त्याला काच आणि मला स्टील का?"

आता आई काय बोलेल, देव जाणे. पण विचारलं.

आई म्हणाली, "तो पाहुणा आहे. पाहुण्याला काचेत देतात. हिने आल्या आल्या माझा झारा घेतला, आता हिला कसली मेली काच!"

मी भाषांतर केलं. येसेनियाने ताटली पुढे केली आणि आणखी काप मागितले.

*

आता जरा गंभीर. खन्नासाहेबांनी एका शुक्रवारी 'माझं गाव' नावाचा कार्यक्रम ठेवला. प्रत्येकाने फोटो दाखवायचे. कॉलिनने आईच्या लहानपणाचे दाखवले. लाकडी बंगला, हिरवंगार लॉन, पोहण्याचा तलाव, आंब्याचं झाड.

"हा पनामाच आहे," तो म्हणाला. "कालव्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. माझे आजोबा तिथे इंजिनियर. आई म्हणते, तो स्वर्ग होता."

येसेनिया मागे बसली होती. उठली, पडद्याजवळ गेली आणि फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तिथे कुंपण दिसत होतं.

"आम्ही ह्याच्या पलीकडे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिच्या बाबांचे आजोबा जवळच्या, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या बेटांवरून कालवा खोदायला आले होते. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत मिळायचा, काळ्या मजुरांना चांदीच्या. पुढे त्यावरूनच सगळ्याची वाटणी झाली. दुकानं, शाळा, दवाखाने, पाण्याचे नळसुद्धा. सोन्यावाल्यांचे वेगळे, चांदीवाल्यांचे वेगळे. तिच्या आईची आई अशाच बंगल्यात इस्त्री करायची. तलावाजवळून जायची, पण पाण्यात पाय कधी घातला नाही.

खन्नासाहेबांना शांतता सहन होत नाही. ते म्हणाले, "पर सिल्वर भी तो अच्छी चीज़ है!"

येसेनिया हसली. "सर, ती घासायला कोण बसतं त्याला विचारा."

कॉलिन त्या दिवशी जेवायला खाली आला नाही. सोमवारी तो तिच्या केबिनच्या दारात उभा होता. म्हणाला, "मी आईला विचारलं, कुंपणापलीकडे कोण राहायचं. तिला माहीत नव्हतं. मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं."

"आत ये," येसेनिया म्हणाली. "दार लाव, एसी चालू आहे."

*

ह्यानंतरचा किस्सा माझा आवडता, कारण त्यात मी हजर होते आणि तरी गप्प बसले!

आमच्या कंपनीत बदलीवर आलेल्यांना सवलती मिळायच्या त्या मूळ देशाप्रमाणे. काम एकच, पण अमेरिकेहून आलात तर ड्रायव्हरसकट गाडी आणि मुलांना परदेशी शाळा. पनामाहून आलात तर तुमचं तुम्ही बघा. त्यामुळे कॉलिनच्या मुली गाडीतून शाळेत, आणि येसेनियाची लेक आयाना घरी बसून मोबाईलवर अभ्यास करतेय! मी खन्नासाहेबांकडे चार वेळा गेले. "हेमांगीजी, पॉलिसी हेड ऑफिस की है," एवढंच उत्तर.

शेवटी हेड ऑफिसबरोबर व्हिडिओ कॉल झाला. पलीकडचे मोठे साहेब गोड आवाजात समजावत होते, की प्रत्येक देशातलं राहणीमान वेगळं असतं वगैरे.

येसेनियाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपली जहाजं आमच्या कालव्यातून जातात तेव्हा टोल कशावर लागतो?"

"जहाज केवढं आहे त्यावर," साहेब म्हणाले. अर्थात! आयुष्य जहाजांतच गेलेलं.

"कॅप्टन कुठल्या देशाचा, हे कुणी विचारतं?"

"नाही."

"मग माझ्या मुलीच्या शाळेला का विचारता?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. खन्नासाहेब टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. तेवढ्यात कॉलिन म्हणाला, "माझी आई पनामात जन्मली. नियम देशाचाच असेल, तर मलाही पनामाचा लावा."

महिन्याभरात नवा नियम आला, पद एक तर सवलती एक. आयाना शाळेत जायला लागली तेव्हा सगळ्यात खूश कोण? खन्नासाहेब! सगळ्यांना सांगत होते, "मैंने तो पहले ही कहा था!"

*

आणि आता शेवटचा.

ह्या हिवाळ्यात कॉलिनची आई आली. ऐंशीच्या घरातली, पांढरेशुभ्र केस, गुलाबी स्वेटर, स्वभावाने एकदम गोड. कॉलिन घाबरलेला. येसेनियाला म्हणाला, "तुला भेटायचं नसेल तर मी समजू शकतो." ती म्हणाली, "उलट दुपारी जेवायलाच घेऊन ये. हेमांगी, तूही ये."

गच्चीवर उन्हात बसलो. पनामाची येसेनिया समोर दिसल्यावर आजीबाईंना कोण आनंद! "मला स्पॅनिश येतं!" म्हणाल्या आणि सुरू झाल्या. येसेनिया मला हळूच अर्थ सांगत होती. 'पाणी आण.' 'दार लाव.' 'हे परत इस्त्री कर.' 'उद्या लवकर ये.' त्यांना एवढंच येत होतं. लहानपणी घरात एवढंच कानावर पडलेलं. कॉलिन खाली मान घालून बसला. आजीबाईंच्या मात्र काही लक्षात येत नव्हतं, त्या लहान मुलीसारख्या एकेक वाक्य आठवून म्हणून दाखवत होत्या.

मग त्या थांबल्या. म्हणाल्या, "आणि एक आहे. मला सांभाळायला एक बाई होती. ती मला रोज थोपटून झोपवायची आणि कानात हे म्हणायची." त्यांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हटलं, "दुएर्मेते रापिदो, के मी इहा एस्ता सोला."

येसेनियाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"सगळं नाही कळत मला," आजीबाई म्हणाल्या. "पण 'मी इहा' म्हणजे 'माझी मुलगी', हे माहीत आहे. ती मला मुलगी म्हणायची! आयुष्यभर जपलंय मी हे. बरोबर आहे ना गं?"

येसेनियाने त्यांची शाल नीट केली.

"हो," ती म्हणाली. "'माझी मुलगी' असंच म्हणायची ती."

आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कॉलिन त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेला. आम्ही दोघी ताटं गोळा करत होतो.

मी विचारलं, "पूर्ण वाक्य काय होतं गं?"

येसेनिया उरलेले काप डब्यात भरत होती. वर न बघता म्हणाली, "'झोप लवकर, माझी मुलगी घरी एकटी आहे.'"